आपला आज्ञाधारक

तलासरीला तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे ते गृहस्थ अर्ज टाइप झाला की मोठ्याने वाचून दाखवायचे. शेवटच्या 'आपला आज्ञाधारक'ला मात्र त्यांचा आवाज पडायचा आणि मान खाली जायची. शाळेच्या कामासाठी मी वरचेवर जायचो. वाचन संपल्याशिवाय कागद हातात मिळत नसे.

एकदा वारली चित्रं बघायला आलेल्या इटालियन बाईंचा अर्ज त्यांनी टाइप केला. निघताना बाई 'चाओ' म्हणाल्या. यांनी लगेच बाईंबरोबरच्या दुभाष्याकडून अर्थ काढून घेतला. मुळात तो शब्द म्हणजे 'मी तुमचा दास'.

"म्हणजे आपला आज्ञाधारकच की," ते मला म्हणाले. "पण भाई, तिकडे साहेब पण शिपायाला हेच म्हणतो."

तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला चाओ म्हणू लागले.

एका सकाळी पाड्यावरची एक म्हातारी अर्ज हातात धरून त्यांच्या टेबलाशी नुसतीच बसून होती. आत जायचा तिला धीर होईना. तेवढ्यात तहसीलदार साहेब जीपमधून उतरले. हे उभे राहिले.

"चाओ, साहेब."

साहेबांना गंमत वाटली. "चाओ, चाओ," म्हणत ते हसत आत गेले.

हे म्हातारीकडे वळले. "ऐकलंस ना, आये? साहेब स्वतःच्या तोंडानं म्हणाले, मी तुमचा दास. ते पण दोनदा. आता जा."

म्हातारी पदर सावरून उठली. कचेरीच्या दाराशी पाड्यावरची माणसं चपला काढून ठेवतात, तसे तिथे पाचसहा जोड होते. ती क्षणभर थांबली, आणि चपला घालूनच आत गेली.