सात नंबर टेबलची तर्री

“साहेब, हे तर्री ज्यूसात टाकू काय?”

ज्यूस काउंटरवरचे मारोतीभाऊ प्रिंटरची चिठ्ठी धरून माझ्यासमोर उभे होते. चिठ्ठीवर होतं : टेबल सात, तर्री एक. मारोतीभाऊ वर्षानुवर्षं मोसंबी पिळतात. तर्रीची ऑर्डर त्यांना पहिल्यांदाच आली होती.

मी हॉटेलांत सॉफ्टवेअर बसवतो. वेटरने टॅबलेटवर ऑर्डर दाबली की ज्या स्वयंपाकघरात तो पदार्थ होतो, तिथल्या प्रिंटरवर चिठ्ठी निघते. कोणती चिठ्ठी कुठे जाणार हे मी ठरवतो. त्याला राउटिंग म्हणतात. बायकोच्या मते त्याला नुसतं बोट फिरवणं म्हणतात.

पांढरकवड्याजवळ हायवेवरचं हे हॉटेल प्रल्हादभाऊंचं. स्वयंपाकघरं दोन, मध्ये भिंत. एकीकडे मटण, दुसरीकडे पाटवडी आणि वांगं. टॅबलेट त्याच दुपारी चालू झाले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता. मुलीची सोयरीक जमत आली होती आणि होणारे व्याही जेवायला येणार होते.

“शुद्ध शाकाहारी लोकं हायेत,” सकाळीच त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. “मटणवाल्याची पोरगी कशी करावं, म्हणून अडून बसले होते. म्या शब्द देल्ला, आपल्या इथं इकडचा चमचा तिकडं जात नाही. आता हे सारं कम्प्युटर सांभाळते, असं दाखवलं का त्यायचा जीव थंडा होईन.”

म्हणजे एका मुलीचं लग्न माझ्या राउटिंगवर. आमच्या घरचा वायफाय बंद पडला की मी मुलीला हाक मारतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

चाचणी झकास झाली. पाटवडी इकडे, मटण तिकडे, लस्सी मारोतीभाऊंकडे. तेवढ्यात सगळ्यात जुने वेटर उत्तमभाऊ टॅबलेट उलटासुलटा पाहत म्हणाले, “याच्यात तर्री कुठं हाये?”

“ते तर तुमी फुकट देता ना?”

“फुकट हाये म्हणूनच तर मांगतेत.”

खरं होतं. रश्श्यावर तरंगणारी ती लाल झणझणीत तर्री आमच्याकडे ताट आल्याबरोबर मागतात आणि मग मागतच राहतात. मेनूकार्डावर ती कुठेच नसते. मी घाईघाईने ‘तर्री’ टाकली, किंमत शून्य. स्क्रीनने विचारलं, स्वयंपाकघर कोणतं? तर्री तर दोन्हीकडे होते. पाहुण्यांची गाडी आवारात शिरत होती. मी ती जागा रिकामी सोडली आणि सेव्ह केलं. रिकामी जागा सोडू नका, हे मी ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना दोनदा सांगतो.

मारोतीभाऊंची चिठ्ठी पाहिली आणि मला ती रिकामी सोडलेली जागा आठवली. स्वयंपाकघर न निवडलेली ऑर्डर सॉफ्टवेअर सगळ्या प्रिंटरवर पाठवतं, ती हरवू नये म्हणून. ज्यूसवर आली, म्हणजे मटणाकडेही गेली. आणि सात नंबरवर व्याही.

मी धावलो. माझं वजन पाहता लोकांनी वाट दिली.

टेबलावर दोन वाट्या ठेवलेल्या. दोन्ही लाल, दोन्हींतून वाफ. एक पाटवडीची, एक मटणाची. व्याही भाकर मोडून घास बुडवायच्या बेतात. शेजारी प्रल्हादभाऊ अभिमानाने हसत बसलेले. खरं सांगितलं तर सोयरीक मोडते, गप्प बसलो तर त्या माणसाचा धर्म बुडतो. मला दुसरं काही सुचलं नाही. हातातला टॅबलेट मी दोन्ही वाट्यांवर आडवा ठेवला.

व्याही घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. “काहो, तर्रीवर कायले ठेवला हा?”

“गरम वस्तूवर बी चालते, काकाजी. तेच दाखवून राह्यलो.”

“चालते काय?”

“चालून राह्यला ना.” स्क्रीनवर वाफ धरली होती. मी ती बाहीने पुसली.

उत्तमभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, वाट्यांकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता टॅबलेट झाकणासारखा तसाच वर ठेवून दोन्ही वाट्या उचलल्या. “थंडी होऊन गेली, काकाजी. गरम आणतो.”

“अरे, वाफ निघून राह्यली ना.”

“ते जुनी वाफ हाये,” म्हणत उत्तमभाऊ निघूनही गेले.

मी त्यांच्या मागे. भिंतीआड गेल्यावर आम्ही दोघं असे हसलो की मटणाच्या स्वयंपाकघरातल्या चाचांनी आम्हाला पाणी दिलं. मग मी तर्रीच्या दोन तर्री केल्या, शाकाहारी आणि मटणाची, आणि प्रत्येकीला तिचं स्वयंपाकघर दिलं. पाटवडीची ताजी वाटी सातवर गेली. व्याह्यांनी ती चार वेळा मागितली. चारही चिठ्ठ्या योग्य जागी निघाल्या. मी प्रिंटरजवळ उभं राहून मोजल्या.

सोयरीक त्याच टेबलावर पक्की झाली. पाहुणे गेल्यावर मी प्रल्हादभाऊंना सगळं सांगितलं. ते कांद्याच्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, “साहेब, लग्नात जेवाले या. पण टॅबलेट घरी ठेवून या.”

आता नव्या हॉटेलात गेलो की मेनूकार्ड मी शेवटी मागतो. आधी सगळ्यात जुन्या वेटरला चहा पाजतो आणि विचारतो, तुम्ही फुकट काय काय देता? ती यादी नेहमी मेनूकार्डापेक्षा लांब निघते.