मेण वाळेपर्यंत

मोटारीच्या रंगाला माणसापेक्षा जास्त अब्रू असते, अशी दौंड स्टेशनाबाहेर मोटारींना पॉलिश करणाऱ्या एका म्हाताऱ्याची श्रद्धा होती. त्याचे नाव मी विचारले नाही. तेवढी उसंत त्याच्या बोलण्याने कधी दिली नाही.

आमचे आप्पा नुकतेच आमच्या शिरूरच्या सोसायटीचे चेअरमन झाले होते. मुंबईहून ते संध्याकाळच्या आगगाडीने उतरणार होते, आणि हार घेऊन माणसे हजर होती. त्यांच्या काळ्या मोटारीवर मात्र धुळकट फडक्याने गोल गोल ओरखडे उठले होते. ते घालवून, थंडीतले दव पडायच्या आधी वर मेण चढवायचे काम मी सकाळीच म्हाताऱ्याकडे दिले.

तो बॉनेटला जवळजवळ गाल टेकवून एका डोळ्याने पाहायचा, फुंकर मारायचा आणि सुस्कारा टाकायचा. दुपारनंतर नुसते सुस्कारेच चालले.

"मामा, आगगाडी यायची वेळ झाली."

"हात लावू नका. मेण वाळतंय."

आप्पा हारासकट बाहेर आले आणि मोटारीच्या दाराकडे वळले. म्हातारा आडवा उभा राहिला.

"आप्पा, आज एष्टीनं जावा."

"आरं, मी चेअरमन हाय!"

"व्हय, पर तुमच्यावर ओरखडा उठत न्हाई."

हारवाले हसले. आप्पा एष्टीत चढले आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोटार ताब्यात मिळाली, तेव्हा तिच्या दारात मला माझा चेहरा स्वच्छ दिसला. दौंड ते शिरूर रस्ता तेव्हा कच्चा होता.