गेटबाहेरची मेथी

वणीत मार्ट उघडलं तेव्हा मला तिथे भाजीच्या काउंटरवर काम मिळालं. भाजी एक दिवसाआड नागपूरहून यायची. तिकडच्या दुकानांनी निवडून घेतल्यावर उरलेली, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पिवळी पानं खुडायची, पाणी मारायचं आणि पिशवीत भरून 'ताजी' म्हणून मांडायची, हे माझं काम.

खरी ताजी भाजी गेटबाहेर मिळायची. माझी मोठी माय, म्हणजे आईची थोरली बहीण, तिथे पोतं अंथरून बसायची. सकाळीच तोडलेली मेथी, पालक, वांगी. कोळशाच्या ट्रकांची धूळ बसू नये म्हणून वरून ओलं फडकं. मार्टमधून तेल-साबण घेऊन निघालेले लोक भाजी तिच्याकडून घ्यायचे.

हिवाळ्यात एक दिवस मॅनेजरने मला बोलावलं.

"ती बाई तुमच्या नात्यातली ना? उद्यापासून बसू नका म्हणावं. तुम्हीच सांगितलं तर बरं."

मी युनिफॉर्मवरच बाहेर गेले. "मोठी माय, इथं बसू नको म्हणते साहेब."

"काहून? मी काय त्याच्या दुकानात बसून राह्यली का?"

"माही नोकरी जाईन."

तिने पोतं गुंडाळलं, उरलेली मेथी माझ्या ओंजळीत दिली. "घरी ने. तुह्या त्या पिशवीतली खाऊ नको."

बाजारात जागा ठरलेल्या होत्या, तिथे तिला कोणी बसू दिलं नाही. उन्हाळ्यात आमची भाजी रोज सडायला लागली, तेव्हा मार्टने तो काउंटरच बंद केला. तिथे थंड बाटल्यांचा फ्रीज आला आणि मी बिलावर गेले. पाऊस पडल्यावर मोठ्या मायच्या मुलाने शेतातल्या तिच्या भाजीच्या तुकड्यात कपाशी लावली.

त्याच पावसाळ्यात ती खाटेला खिळली. अंगात रक्त उरलं नव्हतं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि पालेभाजी रोज द्या म्हणाले. माझी ड्युटी सुटेपर्यंत बाजारात उरायच्या त्या मलूल जुड्या. त्यातलीच एक शिजवून मी घेऊन गेले. दोन घासांनंतर तिने ताट सरकवलं.

"कालची हाय ना?"

"हो," मी म्हटलं. परवाची होती.

दसऱ्याआधी ती गेली. मी अजून तिथेच बिलावर बसते. गेटवर कोणी भाजीवाली दिसत नाही. शेवटपर्यंत तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर मला रडता तरी आलं असतं.