माशांना शिळे पाणी

आज सकाळी नळ सुरू केला आणि ब्लीचिंग पावडरचा झोंबरा वास आला. क्षणात मी धरमपेठेतल्या आमच्या बागेत, कमळाच्या हौदाशी जाऊन उभी राहिले.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. हौदातले मासे मरत होते आणि आणखी एक जरी मेला, तरी हौद मातीने बुजवायचा, असे बाबांनी ठरवले होते. आमचे माळी महादेवकाका दर रविवारी हौद लख्ख घासत, नळाचे ताजे पाणी भरत आणि सोमवारी मासे पोट वर करून तरंगत.

त्या रविवारी उरलेले पाच मासे हौदाच्याच पाण्यासह घंगाळात काढलेले होते. काकांनी नळी सोडली आणि हाच वास नाकात शिरला. मी ओसरीवरच्या रांजणातले कालचे, नळाचेच पाणी हुंगले. त्याला केवळ मातीचा गंध होता.

"काका, नळ बंद करा! पाणी दोन दिवस पिंपांत, उन्हात ठेवू. वास गेला की मग भरू."

"माशाईले शिळं पाणी पाजतं काय वं पोरी? पाहुणे आले त् त्याईले बी शिळंच देशीन!"

आज कळते, पाहुण्यांसाठी भरावे तशा मायेनेच ते ताजे पाणी भरत होते. हसत का होईना, त्यांनी नळ बंद केला.

बुधवारी त्या पाण्याने हौद भरून मासे सोडले. गुरुवारी पहाटे मी अनवाणी धावले. कमळपानांखालून पाचही मासे केशरी ठिणग्यांसारखे सुळकन निघत होते. काकांनी वाकून ते दोनदा मोजले, मग माझ्यापुढे कमरेत लवून म्हणाले,

"मास्तरीणबाई!"