डावीकडं मऊ, उजवीकडं कडक

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा भिंतीवर एक घड्याळ होतं. पुढच्या चैत्रात दुसरं आलं. दोन्ही हुबेहूब सारखी, सोनेरी काठाची, आणि दोघांचं कधी एकमत नाही. पाहुणे विचारायचे, दोन कशाला? सासूबाई सांगायच्या, "एक गेल्या सालचं, एक औंदाचं. दोन्ही येळंला दुसरा नंबर."

नंबर कशात, तर ट्रॅक्टर मागं नेण्यात. शेजारच्या गावच्या जत्रेत ही शर्यत असायची. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची आणि चुन्यानं आखलेल्या बोळातून, दोन्ही बाजूंच्या झेंड्यांना धक्का न लावता, उलटं जाऊन शेवटच्या चौकोनात उभं राहायचं. पुढं काय, कुणीही पळवतं. मागं न्यायला मात्र मान, हात आणि पाय तिन्ही ठिकाणावर लागतात. पहिल्याला पंखा, दुसऱ्याला घड्याळ, बाकीच्यांना टॉवेल आणि नारळ. आमच्या ह्यांना पंखा हवा होता. उकाड्याचा इथं काही संबंध नाही, कारण उन्हाळ्यात आमच्याकडं वीजच नसायची. पंखा लागला असता तो फिरण्यासाठी नव्हे, लोकांनी बघण्यासाठी.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मोबाईल अजून आमच्या वाटेला यायचे होते. आमचं गाव नदीच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. माझी नोकरी पलीकडं दौंडला, मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायची. गाळपाच्या दिवसांत ह्यांचा ट्रॅक्टर ऊस घेऊन पाटसच्या कारखान्याला जायचा. शाळा दुपारची होती, त्यामुळं मी फाट्यावर उभी राहायचे, हे मला उचलायचे, आणि पाटसला उतरून मी पुढं दौंडची जीप धरायचे. एसटी होती की. ती ट्रॅक्टरच्या निम्म्या वेळात पोचवायची. तरी मी मडगार्डवरच बसायचे, आणि त्याला कारण होतं.

आमच्या घरात सासू, मामंजी, दोन दीर, एक नणंद. भिंती विटांच्या असल्या तरी ऐकायला सगळे तयार. घरात आम्ही नवराबायको जे बोलायचो ते एवढंच, "डबा भरला का?" आणि "भरलाय." बाकीचं सगळं मडगार्डवर. ट्रॅक्टरच्या आवाजात माणसानं कितीही ओरडून सांगितलं तरी शेजारच्या सायकलवाल्याला कळत नाही, असा आमचा समज. दहावीत गणितात आपण कसे दोनदा आपटलो हे त्यांनी मला तिथंच सांगितलं. वेगळी चूल मांडायची का, हा विषयही तिथंच निघाला आणि पुलापर्यंत पोचेस्तोवर मिटला. एकदा मी मनमोकळं ओरडले, "मामंजी चहा बशीत घेऊन फुर्र करत्यात ना, त्याचा मला लई राग येतो!" नेमकं त्याच क्षणी ह्यांनी इंजिन बंद केलं होतं. पुढच्या चहाच्या टपरीवरची सगळी माणसं बशी तोंडाशी धरून आमच्याकडं बघत राहिली.

तर त्या वर्षी ह्यांनी ठरवलं की पंखा आणायचाच. आणि दोष सापडला तो ब्रेकमध्ये.

ट्रॅक्टरला ब्रेकची पेडल दोन असतात. एक डाव्या चाकाचं, एक उजव्याचं. शेतात ती सुटी ठेवतात, म्हणजे एकच चाक धरून जागच्या जागी वळता येतं. रस्त्यावर मात्र दोन्हींना जोडणारी कडी लावायची, म्हणजे दोन्ही चाकं एकदम थांबतात. चाकाला आतून जी पट्टी धरते तिला लायनर म्हणतात. आमच्याकडं आजवर कडक लायनर होतं. ते तापलं तरी सोडत नाही, मागं दोन ट्रॉल्या ऊस असला तरी पुलाच्या उतारावर ट्रॅक्टर आवरतं. पण थंड असताना उशिरा धरतं, आणि हळू चालताना असं चिरकतं की म्हशी बुजाव्यात. मला त्या चिरकण्यावरूनच कळायचं की वळणापलीकडं आमचंच वाहन येतंय. शर्यतीला याउलट हवं. तिथं सगळा कारभार गोगलगाईच्या चालीनं. पाय टेकवला की चाक धरलं पाहिजे. त्यासाठी मऊ लायनर. ते लगेच धरतं, आवाज करत नाही, पण उतारावर तापलं की हात वर करतं.

एका शनिवारी माझी शाळा सुटल्यावर हे मला दौंडच्या मिस्त्रीकडं घेऊन गेले. मिस्त्री लुंगी खोचून ट्रकखाली झोपलेला. तिथूनच बोलला.

हे म्हणाले, "रस्त्याला बी चालंल आन् जत्रंला बी चालंल, आसं एखादं लायनर न्हाई का?"

"मालक," ट्रकखालून आवाज आला, "एकच लायनर सासरी आन् माहेरी दोन्हीकडं नांदत न्हाई."

मी म्हणाले, "आमी बाया नांदतो, ते चालतंय व्हय?"

मिस्त्री बाहेर आला, माझ्याकडं बघून हसला आणि चहा मागवला. चहा पिता पिता ह्यांना युक्ती सुचली. जत्रेच्या मैदानाला उजव्या अंगाला विहीर होती, त्यामुळं शर्यतीचं वळण दरसाल डावीकडंच टाकायचे. म्हणजे शर्यतीत काम फक्त डाव्या चाकाला! मग डावीकडं मऊ लायनर घालायचं, उजवीकडं कडक राहू द्यायचं. सासरही खूश, माहेरही खूश.

"डोकं हाय, मालक!" मिस्त्री म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही ती युक्ती झकास वाटली. नवरा हुशार निघाल्याचा आनंद रोज कुठं मिळतो?

लायनर बसवून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी रविवार. रिकामी ट्रॉली घेऊन पलीकडच्या बाजाराला निघालो. मी नेहमीसारखी डाव्या मडगार्डवर, मांडीवर रिकाम्या पिशव्या, आणि नणंदेच्या स्थळाविषयी माझं ओरडणं चाललेलं. पुलाच्या उतारापाशी एक शेळी आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला. कडी लावलेली होती, दोन्ही पेडल एकदम दबली. पण डाव्या चाकानं धरलं लगेच, आणि उजवं अजून विचारच करत होतं. ट्रॅक्टर गर्रकन डावीकडं फिरला, रस्त्याकडेची पाण्याची चारी ओलांडून शेतात घुसला, आणि मी मडगार्डवरून थेट घासात.

घास म्हणजे जनावरांचा, हिरवागार, नुकतं पाणी दिलेला. म्हणून हाडं शाबूत राहिली. लुगड्याचा मात्र चिखल झाला. शेळी रस्त्यात उभी राहून आम्हालाच बघत होती.

हे धावत आले. चेहरा पांढराफटक. "लागलं का गं?"

मला लागलं नव्हतं. पण उठून उभी राहिले तेव्हा समोर उतार दिसला आणि उताराच्या तळाशी पूल. पुलाला कठडा असा नावालाच. मी खूप घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो, हा माझा जन्माचा स्वभाव.

"उद्या मागं ऊस आसता आन् खाली पूल आसता, तर?" मी विचारलं.

"आसं कसं व्हईल? शेळी आली म्हणून—"

"ऊस घेऊन जाताना शेळ्या घरी बसत्यात का?"

मग त्यांनी नको ते वाक्य टाकलं. "तीन आठवडं कळ काढ. जत्रा झाली की बदलतो."

"मग मी बी जत्रा झाल्यावरच बसीन," मी म्हणाले आणि चिखलाच्या लुगड्यानं चालत घरी आले. बाजार राहिला तो राहिलाच.

सोमवारपासून मी एसटी धरली. तीसुद्धा मुद्दाम उशिराची, म्हणजे फाट्यावर त्यांची गाठ नको. सीझनात ट्रॅक्टर तसाही घरी नसायचा, फडात तोडणीच्या टोळीपाशीच असायचा. हे रात्री जेवायला यायचे. "डबा भरला का?" "भरलाय." एवढ्यावर आमचा संसार चालला होता. ते ताटावर बसून माझ्याकडं बघायचे, मी आमटी वाढायचे, आणि भिंतीवरची दोन घड्याळं आपापली टिकटिक करायची. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, आलीकडं यष्टीनं जातीस?" मी म्हणाले, "मडगार्ड पोळतं." त्या ओठ दाबून हसल्या. मला वाटायचं, एकदा ह्यांनी म्हणावं, चुकलं माझं. एवढं म्हटलं असतं तर मी धावत जाऊन मडगार्डवर बसले असते. मला एसटीत करमत नव्हतं. शेजारची बाई पोराच्या दुखण्याची सगळी हकीकत सांगायची आणि मी खिडकीतून पुढं एखादा उसाचा ट्रॅक्टर दिसतोय का बघायचे. आपल्याच माणसाचा डावा ब्रेक मऊ आहे आणि तो उतार उतरतोय, हे माहीत असून खिडकीत बसून राहणं काही सोपं नव्हतं.

जत्रेला जायचं नाही असं मी चार वेळा सगळ्यांना ऐकवलं आणि नणंदेचा हात धरून सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. मैदान खचाखच भरलेलं. भोंग्यावर बोलणारा गडी मोठा वात्रट होता, कुणालाच सोडत नव्हता. ह्यांचा नंबर आला तसा तो ओरडला, "आले, आले, घड्याळवाले आले! औंदा पंखा का पुन्यांदा घड्याळ?"

मी देवाधर्माची फार नाही, पण त्या वेळी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. राग रागाच्या जागी. पंखा आपल्याच घरी यावा असं मला मनापासून वाटत होतं.

ह्यांनी मान मागं वळवली आणि ट्रॅक्टर उलटा निघाला. सरळ बोळ छान गेला. वळणाच्या अलीकडं वेग आवरायला त्यांनी दोन्ही पेडलवर पाय टेकवला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज झाला. चिर्र!

"आरारारा!" भोंगा खिदळला. "ट्रॅक्टर हाय का डुकराचं पिल्लू?"

लोक हसले. नणंदही हसली. मी मात्र ताडकन उठून उभी राहिले. मऊ लायनर चिरकत नाही. उजवीकडचं चिरकलं असेल म्हणावं, तर पुढच्याच क्षणी वळणावर त्यांनी फक्त डावं पेडल दाबलं आणि पुन्हा तोच आवाज आला. चिर्र! तो डाव्या चाकाचा होता. म्हणजे दोन्हीकडं कडक होतं.

आणि कडक लायनरनं जे करायचं तेच केलं. थंडच होतं, उशिरा धरलं, ट्रॉलीचा कोपरा हातभर जास्त गेला आणि शेवटचा झेंडा आडवा झाला. भोंगेवाला पुन्हा काहीतरी बोलला, लोक पुन्हा हसले. मला इतका राग आला की मी बाया ओलांडून पुढं गेले आणि ओरडले, "ओ भोंगा, खाली उतरून एकदा मागं नेऊन दावा की!" भोंगेवाल्याला काही ऐकू गेलं नाही ते बरं झालं.

नंबर आला चौथा. टॉवेल आणि नारळ.

नणंदेला मी शेजारणींबरोबर घरी लावून दिलं आणि ट्रॅक्टरपाशी गेले. हे टॉवेल खांद्यावर टाकून पेडलची कडी लावत होते. मला बघून त्यांनी नारळ पुढं केला. मी तो घेतला. तीन आठवड्यांत बोलायची सवय मोडली होती.

"कवा बदललं?" मी विचारलं.

"तू घासात पडलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सोमवारी."

सोमवारी! म्हणजे मी एसटीनं जायला लागले त्याच दिवशी. म्हणजे मी रोज खिडकीत बसून ज्या ब्रेकच्या काळजीनं झुरत होते, तो ब्रेक ट्रॅक्टरवर नव्हताच. आणि ह्यांना पंखा मिळणार नाही हे ह्यांना तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. तरी आले, मान वाकडी करून सगळ्या गावासमोर चिरकत गेले. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

"मग मला सांगितलं का न्हाई?"

हे आधी ट्रॅक्टरवर चढले, किल्ली फिरवली, इंजिन धडधडायला लागलं. मी पदर खोचून मडगार्डवर बसले. मग ते माझ्याकडं तोंड करून जोरात ओरडले,

"कुठं सांगणार? घरात? सांगायची जागाच मोकळी व्हती ना तीन आठवडं!"

घर उजवीकडं होतं. त्यांनी ट्रॅक्टर डावीकडं, पुलाच्या रस्त्याला वळवला. पलीकडं आमचं काहीच काम नव्हतं. नारळ मांडीवर घट्ट धरून मी नणंदेच्या स्थळाचं जिथं राहिलं होतं, तिथून पुढं ओरडायला सुरुवात केली.