‘अजून एकदा’ बाईंचा हात

तिला एक खरं नाव होतं, पण ते डिग्रीच्या कागदावर आणि आईच्या तोंडात. बाकी आसपासच्या गल्ल्यांमध्ये तिला सगळे ‘अजून एकदा’ म्हणत. पक्षाघात झालेली, खुब्याचं हाड मोडलेली, गुडघा बदललेली माणसं हॉस्पिटलमधून घरी आली, की तिथून पुढचं काम तिचं. घरोघरी स्कूटरवरून जायचं आणि आडव्या झालेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं. पेशंटने घाम गाळून पाय वीतभर उचलला, आता शाबासकी मिळणार म्हणून मान वर केली, की ही म्हणायची, “छान. अजून एकदा.” या दोन शब्दांपायी कितीतरी सज्जनांनी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. काहींनी त्या मनातल्या मनात ठेवल्या नाहीत.

खरं तर आजारापेक्षा तिला घरच्यांच्या प्रेमाचाच जास्त त्रास होता. “आम्ही बाबांना इकडची काडी तिकडे करू देत नाही हो,” ही फुशारकी दारातच ऐकायला मिळायची. पाण्याचा पेला ओठाला, घास तोंडात, उशी पाठीला. सून वाकून वाकून अर्धी झालेली आणि बाबा मात्र पलंगावर फुगलेले.

“म्हणजे बाबांना झोपवून ठेवण्यात तुम्ही सगळे पहिल्या नंबराने पास झालात,” ही चपला काढता काढता म्हणायची.

मग आतून कुणीतरी विचारायचं, “मालिशवाली आली का? तेल आणलंय का तिने?”

“तेल नाही आणलं. हलायचं त्यांनी आहे, मी नुसती बघणार.”

“मग तुमचा उपयोग काय?”

या प्रश्नाचं उत्तर मशीनवाल्याकडे होतं. मशीनवाला म्हणजे तिच्याच धंद्यातला दुसरा. तो एक पेटी घेऊन यायचा, तिला हिरवे-लाल दिवे, त्यातून निघालेल्या वायरी पेशंटच्या पायाला चिकटवायचा आणि मोबाइल बघत बसायचा. पायाला मुंग्या यायच्या, पेशंट झोपी जायचा, घरचे कौतुकाने दिवे बघायचे. कुणालाच काही करावं लागायचं नाही. साहजिकच तो फार लोकप्रिय होता.

तिच्याकडे पेटी नव्हती. एक रुंद सुती पट्टा होता. तो पेशंटच्या कमरेला बांधायचा, तळहात वर करून मूठ खालून पट्ट्यात घालायची आणि तोल गेला तर तिथेच धरायचं. दंडाला धरून ओढायचं नाही, काखेत हात घालायचा नाही. “हात मिळणार नाही, काका. मी मागे आहे. उठा.”

हे काका म्हणजे पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त बस कंडक्टर. डावी बाजू गेली होती, ती बरीचशी परत आली होती, पण काका काही तिच्याबरोबर परत यायला तयार नव्हते. पलंगाच्या दांडीवर चमचा आपटून ते घर चालवायचे. एकदा ठण, म्हणजे असशील तिथे थांब आणि इकडे ये. दोनदा ठणठण, म्हणजे झालं, जा आता. काकू दिवसभर त्या दोन बेलांच्या मध्ये पळत असायच्या. आयुष्यभर चालत्या गाडीत काहीही न धरता उभा राहिलेला हा माणूस थांबलेल्या फरशीवर उभा राहायला घाबरत होता.

“काका, आज जिन्यापर्यंत.”

“आज नको. उद्या दुप्पट करतो.”

“हे तुम्ही कालही म्हणालात.”

“मग उद्या चौपट. स्टॉप आला की उतरेन, मॅडम. मधेच कुठे उतरवताय?”

तिने समजावलं, रागावली, काकूंना चमचा लपवायला लावला. काका घरातल्या घरात काठी घेऊन संडासापर्यंत जायला लागले, पण उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. आपल्या सगळ्या पेशंटांत हा एक बिलंदर आपल्याला हरवणार, हे तिने जवळजवळ कबूल केलं होतं.

आणि मग ती पडली.

कुठे, तर स्वतःच्या न्हाणीघरात. ज्या बाईने प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी “न्हाणीघरात रबरी मॅट टाका” असा हुकूम सोडला, तिच्या न्हाणीघरात मॅट नव्हती. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी हाडाचे डॉक्टर हसून म्हणाले, “व्यायाम तुम्हाला काय सांगायचे? तुम्हीच गावाला सांगता.” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. अशा रीतीने सगळ्या गावात व्यायाम न सांगितलेली ती एकटीच उरली.

व्यायाम तिला माहीत होता. कोपर बरगडीला चिकटवायचं, मुठीत लाटणं धरायचं आणि तळहात हळूहळू आभाळाकडे वळवायचा. लाटणं आडवं झालं पाहिजे. तिचं लाटणं उभं व्हायचं आणि तिथेच खांबासारखं थांबायचं. हात वर वळला नाही, तर पट्टा खालून धरता येणार नाही. पट्टा धरता आला नाही, तर कुणाला उभं करता येणार नाही. मग तिनेही मशीन घ्यावं आणि मोबाइल बघत बसावं. पेशंट एकेक करून पेटीकडे निघालेच होते.

हे सगळं कळत असूनही तिने लाटणं परत स्वयंपाकघरात ठेवून दिलं. “आज सूज आहे. उद्या करते,” असं ती आईला म्हणाली. आईला काय, संधीच हवी होती. आई तिची वेणी घालायला लागली, घास भरवायला लागली आणि शेजारणीला अभिमानाने सांगायला लागली, “तिला मी इकडची काडी तिकडे करू देत नाही.”

ही बातमी काकूंनी भाजी निवडता निवडता घरी सांगितली. काका चमचा आपटायचे थांबले.

“व्यायाम करत नाही? ती?”

“आई भरवते म्हणे.”

काका हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले, आणि डावी बाजू थोडी मागे राहिली तरी पूर्ण चेहऱ्याने हसले. “माझी पँट काढ,” ते म्हणाले. “बाहेरची.”

ते दोन मजले उतरायला त्यांना इतका वेळ लागला, की काकूंनी खाली उभ्या केलेल्या रिक्षावाल्याची एक झोप झाली. पण उतरले. कमरेला तिचाच पट्टा, मागे काकू, आणि प्रत्येक पायरीला “बघतो तिला” असा मंत्र.

दार उघडलं तेव्हा ‘अजून एकदा’ सोफ्यावर मांडी घालून बसली होती आणि आई तिला बिस्किट चहात बुडवून देत होती.

“वा!” काका दारातूनच म्हणाले. “बिस्किट तरी स्वतः चावतेस का मॅडम, की तेही आईच चावते?”

ती ताडकन उठली. “काका! तुम्ही खाली कसे आलात?”

“ते राहू दे. लाटणं आण.”

“काका, दुखतंय खूप.”

“दुखणार,” काका खुर्चीत बसत गोड आवाजात म्हणाले. हे वाक्य त्यांनी तिच्याकडूनच शेकडो वेळा ऐकलेलं होतं आणि बरेच दिवस जपून ठेवलेलं होतं. “दुखणार, पण मोडणार नाही. चल. कोपर अंगाला. छान.” त्यांनी चव घेत क्षणभर थांबून घेतलं. “अजून एकदा.”

त्या दिवसापासून काका रोज पाचच्या ठोक्याला हजर व्हायला लागले. आधी रिक्षाने, मग काठीने. तिच्या घरी बसून ते तिच्यावर खेकसायचे, आईने मदतीला हात पुढे केला की काठी आपटून “हात मिळणार नाही!” म्हणायचे, आणि परत जाताना गल्लीतल्या प्रत्येकाला तिची प्रगती शून्य असल्याचं कळवायचे. आई एक दिवस म्हणाली, “अहो, जरा दया-माया?” काका म्हणाले, “ती माझ्या वेळेला कुठे होती?”

पण लाटणं काही आडवं होईना. काका नसताना ती त्याला हातच लावत नसे, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी खडसावलं, तेव्हा तिने लाटणं जमिनीवर फेकलं. ते गडगडत जाऊन कपाटाखाली गेलं.

“नाही होत! कळतं का? मी शिकलेय हे. किती हात असे अडकलेले राहतात, मला माहितीये.”

“म्हणून करत नाहीस.”

“म्हणजे?”

“केलंच नाही, तर झालं नाही असं कुणाला म्हणता येत नाही,” काका म्हणाले. या वेळी ते खेकसले नाहीत. “मला शिकवतेस का? पलंगावर असेपर्यंत मला चालता येत होतं. मनात तर मी पळतसुद्धा होतो. खाली उतरलो असतो तर कळलं असतं ना, की येत नाही. म्हणून स्टॉपच येऊ दिला नाही.”

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला किका मारत होतं.

“आता ते कपाटाखालचं काढ,” काका नेहमीच्या आवाजावर आले. “मला वाकता येत नाही. आणि एक ऐकून ठेव. तुझा हात सरळ झाला, की मी परत माझ्या पलंगावर. मला काही जिन्याची हौस नाही. तुझी फजिती बघायला मिळते म्हणून येतो.”

त्यानंतर ती सकाळीही करायला लागली. आईने भरवायला घास उचलला की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. लाटणं थोडं कललं. मग आणखी थोडं. पण आडवं नाही.

एका संध्याकाळी काका कमरेचा पट्टा आवळून जायला निघाले. ती शेजारून चालत होती. दारात पायपुसणं होतं, त्याची कड दुमडलेली. लोकांच्या घरातली पायपुसणी तिने स्वतःच्या हाताने गुंडाळून माळ्यावर टाकली होती. हे तिच्या घरचं होतं, म्हणून राहिलं होतं. काकांची डावी चप्पल त्यात अडकली, काठी सुटली आणि एवढा मोठा देह पुढे झुकला.

ती विचार करत बसली नाही. कोपर अंगाला लागलं, मूठ खालून पट्ट्यात गेली आणि काकांचा सगळा भार तिच्या उजव्या मनगटावर आला. तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली, की आई स्वयंपाकघरातून पळी घेऊन धावली. पण काका पडले नाहीत. हळूहळू सरळ झाले, दाराची चौकट धरली, श्वास घेतला.

मग दोघांनीही खाली पाहिलं. तिची मूठ पट्ट्यात होती. तळहात वर.

“वळला?” काकांनी विचारलं.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आनंद तर दिसतच होता. पण त्याच्या मागोमाग, शेवटची फेरी रद्द झाल्याचं डेपोत कळावं तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर उतरलं. कसं कोण जाणे, तिला तो पलंग दिसला, ती दांडी, तो चमचा.

तिने हात काढून घेतला आणि पोटाशी धरला. मनगट खरंच ठणकत होतं, त्यामुळे नाटक फारसं करावं लागलं नाही.

“कुठे वळला? हिसका बसला तुमचा. होता नव्हता तोही गेला.”

“अरेरे,” काका म्हणाले. इतक्या आनंदाने ‘अरेरे’ म्हणताना तिने कुणालाच ऐकलं नव्हतं. “मग उद्यापासून लवकर येतो. आणि ते पायपुसणं काढ आधी. अक्कल नाही का?”

पुढच्या आठवड्यात ती कामावर परतली. पट्टा खांद्यावर टाकून पुन्हा घरोघरी जाऊ लागली. काकांना सांगितलं, डाव्या हाताने भागवते. मशीनवाल्याकडे गेलेल्यांपैकी काही जण परत आले. जे झोपेसाठीच गेले होते ते नाही आले. दिवसभर ती माणसं उठवायची, बसवायची, तोल जाणाऱ्यांना एका मुठीत सावरायची. साडेचारला घरी यायची, मनगटाला बँडेज गुंडाळायची आणि लाटणं घेऊन विव्हळत बसायची. काका यायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे. हात महाहट्टी आहे, असं त्यांचं मत झालं होतं. आता सकाळीही एक फेरी मारावी, असं त्यांच्या मनात चाललं होतं.

काकू तिला एकदा वळणावर भेटल्या. ही स्कूटरवर होती, उजव्या हाताने ब्रेक दाबलेला.

“हात बरा झालाय की गं तुझा,” काकू म्हणाल्या.

ती ओशाळली. “हो काकू. म्हणजे, काकांना अजून—”

काकूंनी वर स्वतःच्या खिडकीकडे पाहिलं. घर शांत होतं.

“सांगायची घाई करू नकोस,” त्या म्हणाल्या. “ते तुझ्याकडे असतात तेव्हा मी झोपते. आणि ते सकाळचं म्हणत होते ना, त्याला हो म्हण.”