लिफ्टच्या भिंतीचा फ्लॅट

तिसऱ्या भाडेकरूनंही चावी परत केली, तेव्हा मिस्त्रींना ना राग आला ना वाईट वाटलं. दलालानं फोनवर सांगितलं, त्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. हल्ली ते सगळ्यालाच बरं म्हणत. ते राहत त्या खोलीचा मालक इस्त्रीवाला भाडं वाढवतो म्हणाला, बरं. लेकीनं विचारलं जेवलात का, बरं. बायको गेल्यापासून असं झालं होतं, की चहा गरम आहे का गार, हे कपावरची वाफ बघून ठरवावं लागे.

मिस्त्री म्हणजे लिफ्टमिस्त्री. उभी हयात लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. खाली खड्ड्यात उतरायचं, वर मोटरच्या खोलीत चढायचं, मधे कुठंतरी दोराला ग्रीस लावत लोंबकळायचं. कानाला घरघरीची एवढी सवय, की बिघडलेली लिफ्ट त्यांना रस्त्यावरून कळे आणि धड चालणारी शेजारी उभं राहूनही ऐकू येत नसे. सगळा घोटाळा इथंच झाला.

नदीपल्याड साबणाचा कारखाना होता. चालू होता तोवर त्या बाजूला नाक धरल्याशिवाय कुणी गेलं नाही. बंद पडला, आवारात कुत्री लोळू लागली, आणि मग एक दिवस शहराला त्या बाजूची आठवण झाली. पूल झाला. गोदामांना काचा लागल्या आणि आत कॉम्प्युटरवाली पोरं येऊन बसली. चिमणी तेवढी पाडली नाही, तिला खालून दिवे सोडले. जन्मभर तिच्या धुराला शिव्या घालणारेच आता घर दाखवताना 'खिडकीतून चिमणी दिसते हं' असं कौतुकानं सांगायला लागले. मोकळ्या जागेत उंच इमारती उठल्या. त्यातल्या एकीची लिफ्ट मिस्त्रींनी बसवली.

साइटवर वायरमन, फरशीवाला, वॉचमन, जो तो एकच बोलत होता. घर घ्या, भाड्यानं द्या, म्हातारपणी बसून खा. ऐकून ऐकून मिस्त्रींच्याही डोक्यात ते बसलं. त्यांचं जुनं दोन खोल्यांचं घर होतं, पुढं हातभर अंगण. ते विकायचं, निवृत्तीचा पैसा त्यात घालायचा, आणि तूर्त इस्त्रीवाल्याच्या मागच्या खोलीत दिवस काढायचे. लेकीचं मार्गी लागलं की मग फ्लॅटमधे आपणच जायचं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे स्वतःचं घर दुसऱ्याला द्यायचं आणि आपण तिसऱ्याच्या घरात राहायचं. मिस्त्री म्हणाले, सगळे तसंच करतायत. तिनं अंगणातल्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या आणि विषय संपवला.

आठव्या मजल्यावर दोन फ्लॅट शिल्लक होते, किमतीला सारखेच. बायको कोपऱ्यातल्या फ्लॅटच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. खाली नदी होती. मिस्त्री दुसऱ्यात शिरले आणि त्यांनी झोपायच्या खोलीच्या भिंतीला तळहात लावला. पलीकडून त्यांचीच लिफ्ट वर येत होती. कुठं धक्का नाही, कुठं खरखर नाही, थरथर कशी एकसारखी. एवढी भरवशाची भिंत त्यांनी कुठल्या घरात बघितली नव्हती.

"हाच घेऊ," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही घर बघायला आलात का लिफ्ट?" बायको दारातून म्हणाली. पण तिनं लावून धरलं नाही. त्यांच्या कामातलं त्यांना कळतं, असं तिला वाटलं असावं.

पहिला भाडेकरू औषधांचा विक्रेता होता. मग दोघी बहिणी आल्या. मग गाणं शिकवणारी बाई. सगळ्यांची तक्रार एकच, भिंत घोरते. गाणंवाल्या बाई तर म्हणाल्या, भिंतीचा एक सूर लागलेला आहे आणि माझे सगळे विद्यार्थी त्याच सुरात जातात. मिस्त्रींना हे खरंच कळत नव्हतं. ते जाऊन भिंतीला कान लावत आणि म्हणत, सुरेख चाललीय की.

दोघी बहिणींच्या वेळेला बायको गेली. तापाचं निमित्त झालं. इस्त्रीवाल्याच्या मागच्या खोलीतच गेली. फ्लॅटमधे जाऊन राहायचं, ते राहूनच गेलं.

लेक ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेबाला होती. रविवारी डबा घेऊन आली आणि स्पष्टच बोलली. एक कंपनी आठवा मजला अख्खा घेतेय, पाहुण्यांना रोजच्या रोज खोल्या द्यायला. आपला तेवढा राहिलाय. या महिन्यात टिकेलसा भाडेकरू मिळाला तर ठीक, नाहीतर विकून मोकळे व्हा आणि माझ्याकडं राहायला या. मिस्त्री बरं म्हणाले. तिनं डब्याचं झाकण उगीचच पुन्हा लावलं.

दलालाच्या कमरेला कायम चाव्या खुळखुळत, म्हणून त्याला सगळे जुडगा म्हणत. जुडग्यानं शक्कल काढली. लोकांना दुपारी आणायचं, तेव्हा लिफ्टला काम कमी असतं. आणि मिस्त्री, तुम्ही तोंड उघडायचं नाही, लिफ्टचं नावच काढायचं नाही, लग्न जमवताना आपण पोरीच्या घोरण्याबद्दल सांगतो का.

ठरल्या दिवशी मिस्त्री आधीच गेले. झाडून घेतलं, नळ पुसला. माणसं यायला वेळ होता म्हणून भिंतीला पाठ टेकून बसले. पलीकडं लिफ्ट खाली गेली, वर आली. थरथर पाठीच्या कण्यातून मानेत चढली. खोलीवर रात्र रात्र त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. छतावरच्या ओलीकडं बघत पडलेले असत. इथं त्यांना कधी झोप लागली ते कळलं नाही.

जागे झाले तेव्हा समोर जुडगा, एक नवराबायको आणि नवऱ्याची आई उभी होती. जुडगा घसा खाकरत होता.

"झोपू दे की त्यांना," म्हातारी म्हणाली. "ज्या घरात मालकाला अशी झोप लागते ते वाईट नसणार."

त्यांना फ्लॅट आवडला. आईचे गुडघे दुखत, तेव्हा लिफ्ट दाराशीच, हे उलट बरंच झालं. भिंतीबद्दल सुनेनं आपणहून विचारलं आणि आपणच म्हणाली, आम्ही रेल्वेलाइनच्या कडेला वाढलो, असल्या आवाजाचं काय घेऊन बसलात. इतकी वर्षं ज्यांची वाट बघितली ती माणसं दारात येऊन उभी होती. जुडग्याचा चेहरा फुलला. "बोला मिस्त्री."

मिस्त्रींचा हात अजून भिंतीवरच होता.

"द्यायची नाही," ते म्हणाले.

"काय?"

"जागा. द्यायची नाही."

मंडळी गेल्यावर जुडगा लिफ्टसाठी थांबलासुद्धा नाही. जिन्यावरून ओरडला, "मग काय लोणचं घालणार आहात तिचं?"

लेक संध्याकाळीच आली. चिडलेली होती, पण खोलीत शिरल्यावर बापाला बघून तिचा आवाज उतरला. म्हणाली, तुमचं काय चाललंय ते एकदा मला नीट सांगा. मिस्त्रींना नीट सांगता येईना. इथं झोप येत नाही, तिथं आली, एवढंच ते म्हणाले.

"मग तिथं राहायला जाणार?"

"जाईन म्हणतो."

"आणि ही खोली?" तिनं आजूबाजूला बघितलं. आईची साडी अजून दांडीवर होती. "आई इथं होती, बाबा."

"हो."

"तिला तो कोपऱ्यातला हवा होता."

"हो."

तिनं दांडीवरची साडी काढली, घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवली. कंपनीला काय सांगायचं, ते मी बघते, एवढं म्हणून गेली.

मिस्त्रींनी सामान हलवलं. गादी, स्टोव्ह, हत्यारांची पेटी. खोलीची चावी दिली तेव्हा इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवून हात पुसले.

आता भाड्याचं उत्पन्न नाही. पोटापुरतं मिळावं म्हणून मिस्त्री इमारतीच्या लिफ्टचं तेलपाणी बघतात, ओळीतल्या आणखी दोन इमारतींचंही. शेजारी चाकांच्या बॅगा ओढत रोज नवी माणसं येतात, त्यामुळं लिफ्टला उसंत नसते. मिस्त्रींना झोप लागते. चहाचं मात्र अजून वाफेवरच आहे.

एकदा ते मोटरच्या खोलीतून खाली येत होते. कोपऱ्यातल्या फ्लॅटचं दार उघडं होतं, पाहुणे गेलेले, साफसफाईची बाई चादरी बदलत होती. बघू का जरा, म्हणून त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, बघा की, काका.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली नदी होती, पुलाच्या अलीकडं वळलेली. उन्हात ती चांगली रुंद दिसत होती. पलीकडच्या काठावर, नीट बघितलं तर, त्यांच्या जुन्या घराचं छप्परही दिसत होतं. बायकोला ते तेव्हाच दिसलं असणार. ती बोलली नव्हती. मिस्त्रींनी काचेवर तळहात ठेवला. काच गप्प होती.

"इथून छान दिसतं ना?" बाईनं विचारलं.

"हो," मिस्त्री म्हणाले. "हाच घ्यायला हवा होता."

बाईला उशांना खोळी घालायच्या होत्या, म्हणून ते बाजूला झाले. आपल्या दाराशी आले, आत जाऊन गादीवर आडवे झाले. पलीकडून लिफ्ट वर येत होती.